न उचलण्याची रीत

"अकरा मिनिटं झाली. दोन अंडी ठेव."

"आठ झाली. एकच मिळेल."

"माझ्या घड्याळात अकरा आहेत."

"तुझं घड्याळ तुझ्याच वळणावर गेलंय. दुसऱ्याचा वेळ दिसला की पळत सुटतं."

शनिवारी सकाळी चक्कीत हे चाललं होतं. पट्टा फटफटत होता, पीठ उडत होतं आणि चक्कीवाला अन् बदकवाली भुवयांपर्यंत पांढरी होऊन भांडत होती. दळणाचा डबा घेऊन मी रांगेत उभा होतो. माझ्यामागे आणखी चारजणी होत्या, पण कुणालाच घाई नव्हती. भांडण फुकट होतं, आणि आमच्या गावात फुकट तेवढंच मिळतं.

भांडण फोनच्या भाड्याचं होतं. गावात बोटाने सरकवायचा फोन एकच, तो चक्कीवाल्याचा. जुनं इंजिन मोडीत काढून त्याने तो घेतला होता. पीठ जाऊ नये म्हणून फोन एका पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत असे. दोन पिशव्यांवरून बोट ओढून ओढून त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला घट्टा पडला होता. कुणाला काही बघायचं असलं तर तो स्वतःच बघून सांगायचा आणि दहा मिनिटांना एक अंडं किंवा मूठभर धान्य घ्यायचा. दाखवायचा कमी, आपण वाचून दाखवायचा जास्त. त्यामुळे मिनिटं वाढत.

बाकी गावाकडे बटणांचे फोन. तेही घरटी एक. शाळेत शिकवत असताना मी मुलांना सांगत असे, बाळांनो, वस्तूची किंमत पैशात मोजू नका, दिवसांत मोजा. शहरातल्या साहेबाला चक्कीवाल्यासारखा फोन पाच दिवसांच्या कामात मिळतो. चक्कीवाल्याला त्यासाठी दोन महिने दळावं लागतं. बदकवालीला वर्ष लागेल, तेही त्या वर्षात घरात कुणी जेवलं नाही तर. यावर एका मुलीने विचारलं होतं, "मग गुरुजी, साहेबाचा फोन आणि आपला फोन एकसारखाच कसा दिसतो?" मी तिला शाबासकी देऊन पुढचं गणित घातलं. उत्तर येत नसलं की मी शाबासकी देतो.

फोन घेतला म्हणजे संपलं असंही नाही. त्याला महिन्याचं खाणं लागतं. आणि कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. चंद्राला जमलं नाही ते कंपनीने जमवलं. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याला महिनाभर हवं तेवढं बोलता येतं. ज्याच्याकडे नाहीत त्याने थोडे थोडे भरायचे आणि मिनिटामिनिटाला कापून घ्यायचे. म्हणजे हंडा घेणाऱ्याला पाणी स्वस्त आणि ओंजळ मागणाऱ्याला महाग. आम्ही सगळे ओंजळवाले.

म्हणून गावाने आपली रीत काढली. फोन करायचा, पण समोरच्याने उचलायचा नाही. फक्त घंटा मोजायच्या. एक घंटा म्हणजे पोचलो, किंवा समजलं. दोन म्हणजे जेवायला वाढलंय. तीन म्हणजे घरी पाहुणे आलेत, येताना काहीतरी घेऊन ये. पाच म्हणजे जनावर शेतात शिरलंय. आणि फोन आपोआप बंद होईपर्यंत वाजला तर कुणीतरी गेलं. मग ज्याच्या घरून फोन आला त्याच्या गावाला सरळ निघायचं. मेलेला माणूस आपण पोचेपर्यंत मेलेलाच राहतो, त्याच्यासाठी मिनिटं कशाला जाळायची?

फोन उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. गावातल्या न्हाव्याने एकदा चुकून सासूचा फोन उचलला, आणि उचललाच आहे तर म्हणून तब्येत विचारली. सासूने तब्येत सांगितली. पुढे दोन महिने त्याची बायको त्याच्याशी बोलत नव्हती. "माझ्या आईला लुटलंस," म्हणायची.

तर त्या शनिवारी बदकवाली यादी बघायला आली होती. तिच्या मुलीने शहरातल्या दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. जागा वीस, फी नाही, राहणं-जेवण त्यांचं. मुलगी हुशार. माझ्याच हाताखाली शिकली, पण त्यात माझा वाटा थोडा. ती फळ्याकडे बघण्याआधीच तिला उत्तर आलेलं असायचं. अर्ज चक्कीतूनच भरला होता, पण चक्कीवाल्याने स्वतःचा नंबर देऊ दिला नाही. "उद्या दवाखानेवाले मला सुया टोचायला बोलावतील," म्हणाला. मग बदकवालीच्या बटणाच्या फोनचा नंबर लिहिला.

"नाव आहे की नाही तेवढं सांग," बदकवाली म्हणाली.

चक्कीवाल्याने पिशवीवरून बोट ओढलं. "थांब. एक… चार… नऊ… आहे. अकरावं नाव."

बदकवाली मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. पोत्यातून धूर निघावा तसं पीठ निघालं.

"पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुढे दुसरं पान आहे." तो बोट ओढत राहिला. "येत नाहीये. गोल गोल फिरतंय. नेटचा पॅक संपला, गुरुजी. अठ्ठावीस दिवस झाले."

"मग भर."

"बुधवारी भरणार. बुधवारी हॉटेलवाल्याचं दळण येतं. आणि दुसऱ्या पानावर काय असणार? नियम असतील. नियम कोण वाचतं?"

बदकवालीला तेवढं पुरेसं होतं. तिने दोन अंडी ठेवली, वर तिसरंही ठेवलं, आणि पीठ न झटकताच घरी पळाली. तिला तसं पळताना बघून वाटेतल्या कुत्र्याने भुंकायचं सोडून दिलं.

सोमवारी सकाळी साडेदहाला तिचा फोन वाजला.

तो तिच्या गळ्यात दोरीने लटकलेला असतो. ती तळ्याच्या काठावर खुराड्यापाशी अंडी निवडत होती. मुलगी तळ्याच्या मध्यावर, छातीएवढ्या पाण्यात, बदकांसाठी गोगलगायी वेचत होती. बदकवालीने घंटा मोजल्या. पाच झाल्या, सात झाल्या, नऊ झाल्या. फोन आपोआप बंद झाला.

नंबर अनोळखी.

आता हे समजून घ्या. बदकवालीचा नवरा आठ वर्षांपूर्वी कामासाठी लांबच्या देशात गेला होता. पैसे तो दोन वर्षं पाठवत होता, मग थांबला. पण दर महिन्याच्या एक तारखेला त्याची एक घंटा यायची. मी जिवंत आहे, एवढंच. संसार म्हणून तिच्या वाट्याला महिन्याला एक घंटा उरली होती. तीही ती मोजून घ्यायची. अशा बाईला अनोळखी नंबरवरून नऊ घंटा आल्या तर ती दुसरं काय समजणार?

तिने रीतीप्रमाणे त्या नंबरला एक घंटा दिली. समजलं.

मग अंड्यांची टोपली बाजूला ठेवून शेजारणीला म्हणाली, "गेला वाटतं."

"कोण?"

"माझाच. दुसरं कोण आहे मला जायला?"

अर्ध्या तासात काठावर दहा-बारा बाया जमल्या. मुलीला कुणी सांगितलं नाही. पाण्यात असलेल्या माणसाला बापाची बातमी देऊ नये, बाहेर आली की बघू, असं ठरलं. मुलीने लांबून विचारलं, "काय गं, कशाला जमल्यात सगळ्या?" आई म्हणाली, "काही नाही, तू वेच. चांगल्या मोठ्या मोठ्या वेच."

रडायचं की नाही याबद्दल मतभेद होते.

"पण रडायचं कुठे जाऊन?" शेजारीण म्हणाली. "गाव तरी माहीत पाहिजे."

"देशसुद्धा नीट माहीत नाही," बदकवाली म्हणाली.

"माणूस वाईट नव्हता."

"वाईट नव्हता, पण चांगला म्हणायला कधी सापडलाही नाही."

"हसायचा छान."

"हसायला काय लागतं? खर्च नाही त्याला." एवढं बोलून बदकवालीने पदर डोळ्यांना लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

साडेबाराला फोन पुन्हा वाजला. पुन्हा शेवटपर्यंत. सगळ्या बायांनी मिळून मोजला.

"आता हा कोण?" शेजारीण दचकली. "एका दिवसात दोन?"

"त्याने तिकडे दुसरी केली असेल," मागून एक म्हातारी म्हणाली. "तीही गेली असेल."

बदकवालीने पदर खाली घेतला. "बरं झालं," म्हणाली, आणि पुन्हा एक घंटा दिली. समजलं.

मला हे दुपारी तीनला चक्कीत कळलं. चक्कीवाल्याचा भाचा ट्रक चालवतो, देशोदेशी माल नेतो. तो पीठ भरायला आला होता आणि पायरीवर बसून फोनच्या गप्पा मारत होता. त्याचा स्वतःचा फोन चांगला, चकचकीत.

"एका देशात," भाचा सांगत होता, "महिनाभराचं नेट एका चहाच्या किमतीत. आणि नाक्यावरून ट्रक पलीकडे गेला की तेवढंच नेट आठवड्याच्या मजुरीला. मधे फक्त एक दांडी आडवी टाकलेली. मी तर दांडीच्या अलीकडे थांबून बायकोशी सगळं भांडण उरकून घेतो."

"आणि पलीकडची माणसं?" मी विचारलं.

"ती आपल्यासारखीच. घंटा मोजतात. एका ठिकाणी तर चार घरांत मिळून एक फोन होता. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यातल्या एका घरच्या पोराचं लग्न ठरेना. तो म्हणायचा, मुलगी फोन करते तेव्हा दर वेळी शेजारचा काका उचलतो."

तेवढ्यात न्हावी आत आला आणि बदकवालीच्या नवऱ्याची बातमी सांगितली. सोबत दुसऱ्या बायकोचीही, जी तोवर तीन मुलांची आई झाली होती.

"नंबर कुठला होता?" मी विचारलं.

न्हाव्याने तो हातावर लिहून आणला होता. मी बघितला. परदेशाचा नव्हता. आमच्याच शहराचा होता.

मी शिक्षक होतो. माझ्या डोक्यात गोष्टी हळू शिरतात, पण शिरल्या की बसतात. मी चक्कीवाल्याकडे वळलो. "यादीचं दुसरं पान तू वाचलंस का?"

"सांगितलं ना, पॅक संपला."

"भाच्या, तुझ्या फोनवर उघड बरं."

भाच्याने उघडलं. चुटकीसरशी पान आलं. मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. निवड झालेल्यांना सोमवारी दूरध्वनी केला जाईल. तीन वेळा प्रयत्न केला जाईल. होकार उमेदवाराने स्वतःच्या आवाजात द्यावा. उत्तर न मिळाल्यास जागा यादीतील पुढच्या नावास देण्यात येईल.

चक्कीवाल्याने चक्की बंद केली. कामाच्या दिवशी त्याने ती बंद केल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

"नियम कोण वाचतं," मी म्हणालो.

"गुरुजी, टोमणे नंतर मारा," तो म्हणाला आणि धावत सुटला. त्याच्यामागे भाचा, त्याच्यामागे न्हावी, सगळ्यात मागे मी.

आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा बाया तशाच बसल्या होत्या, आणि मुलगी बाहेर यायला निघाली की आई दर वेळी तिला आणखी एक टोपली वेचायला लावत होती. मी धापा टाकत सांगितलं, "कुणी मेलेलं नाही. दवाखान्याचा फोन होता. आता आला तर उचला."

बदकवाली माझ्याकडे बघत राहिली. "मेला नाही?"

"आपल्याला माहीत नाही. पण हा फोन त्याचा नव्हता."

"म्हणजे ती दुसरीही नाही?"

"दुसरी तुम्हीच काढलीत, वहिनी."

"मग सकाळपासून मी रडतेय कशाला?"

तेवढ्यात फोन वाजला.

तिने फोन हातात धरला, डोळ्यांसमोर आणला आणि ओठ हलवायला लागली. ती मोजत होती.

"मोजू नका," मी म्हणालो. "उचला."

"तीन."

"वहिनी, उचला."

"चार. गुरुजी, त्यांचे पैसे जातील."

"जाऊ देत. ऑफिसचे आहेत," भाचा म्हणाला.

"ऑफिसचे असले तरी कुणाचे तरी जातातच ना? सहा." तिने अंगठा हिरव्या बटणावर ठेवला. बारा वर्षांत फोन वाजत असताना ते बटण कुणी दाबलं नव्हतं. घंटा देऊन देऊन ते झिजलं होतं, घ्यायला मात्र पहिल्यांदाच लागत होतं. सातव्या घंटेला तिने डोळे मिटले आणि दाबलं.

"हॅलो, मी प्रशिक्षण केंद्रातून बोलतेय," फोनमधून बाईचा आवाज आला. स्वस्त फोनचा एक गुण असतो, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जातो.

"हो, आहे, समजलं, येते, ठेवते," बदकवाली एका दमात म्हणाली आणि अंगठा लाल बटणाकडे गेला. भाच्याने तिचं मनगट धरलं.

"थांबा, थांबा," फोनमधली बाई म्हणाली. "सकाळपासून तुम्हाला फोन करतेय, आणि तुम्ही एक रिंग देऊन बंद करताय. हा प्रकार काय आहे?"

"समजलं म्हणून कळवत होते, ताई."

"काय समजलं?"

"तुम्ही मेलात म्हणून."

मग बाई जरा जपून म्हणाली, "मुलीला द्या. तिच्याच आवाजात होकार लागतो. माझ्यापुढे यादी उघडी आहे, आणि बारावा नंबर इथे बाहेर बाकावर येऊन बसलाय."

मुलगी तळ्याच्या मध्यावर. हाक मारली तरी बाहेर यायला पाच-सात मिनिटं लागली असती, तळाला चिखल गुडघ्याएवढा. बदकवालीने ती मिनिटं मनातल्या मनात पैशांत बदलली असणार, कारण ती दोरी गळ्यातून काढून, फोन डोक्यावर धरून सरळ पाण्यात शिरली.

काठावर एकच गलका झाला.

"अगं, ठेव तो. दोन मिनिटं झाली."

"तीन व्हायला आली."

"त्या बाईला घरदार असेल गं, पगारातून कापतील तिच्या."

न्हाव्याने डोळ्यांवर हात घेतला. त्याला सासू आठवली असावी. बदकवालीच्या कमरेएवढं पाणी झालं, मग छातीएवढं. बदकं दोन्ही बाजूंना ओरडत पळाली. ती चालत असताना फोनमधली बाई विचारत होती, "तुम्ही नक्की कुठे आहात?" आणि बदकवाली ओरडून सांगत होती, "आलेच, ताई, तुम्ही काही बोलू नका, बोललं की जास्त कापतात."

मुलगी गोगलगायींची टोपली धरून बघत उभी होती. आई तिच्यापर्यंत पोचली, तिच्या कानाला फोन लावला आणि म्हणाली, "हो म्हण."

"कशाला हो?"

"आधी म्हण, मग विचार."

मुलगी हो म्हणाली. मग पलीकडचं ऐकून आणखी एकदा, सावकाश, "हो, मी येणार," म्हणाली. लागणारा होकार मिळाला. काठावरच्या बाया रडायला लागल्या. सकाळपासून अडकलेलं रडणं होतं, ते कामी आलं.

"अजून एक," फोनमधून पाण्यावरून काठापर्यंत आलं. "येताना स्मार्टफोन आणायचा. सगळे धडे त्यावरच असतात. स्वतःचा हवा, आणि दर महिन्याचा पॅक स्वतः भरायचा. तेवढं आम्ही देत नाही."

फी नाही, राहण्या-जेवणाचा खर्च नाही, आणि शेवटी दारातच हे. मुलीने टोपली सोडली असावी, कारण वेचलेल्या गोगलगायी पाण्यात परत जाताना दिसल्या. तिने आईकडे बघितलं. आईने फोन आपल्या कानाला घेतला.

"ताई, नवाच लागतो का? फुटका चालेल?"

पलीकडची बाई आवाज खाली आणून म्हणाली, "फुटका चालतो. माझाही फुटकाच आहे. फक्त उघडला पाहिजे."

"बरं. ठेवते," बदकवाली म्हणाली, आणि या वेळी खरंच ठेवला. भाच्याने घड्याळ बघितलं. सहा मिनिटं दहा सेकंद. गावात एवढं लांब कुणी बोललं नव्हतं.

मग ती छातीएवढ्या पाण्यातूनच काठाकडे वळली. "चक्कीवाल्या, तुझा फोन कितीला देतोस?"

"विकायचा नाही."

"दहा बदकं."

"डोकं फिरलंय तुझं. फोन आहे तो."

"दोन पिशव्यांतला आहे. पंधरा."

"अंडी देणारी?"

"देणारी. आणि नर एक, नाही तर वर्षाने माझ्या नावाने बोंब मारशील."

"तीस घेईन."

"मग तुझ्या बुधवारच्या पॅकमुळे माझ्या पोरीची जागा कशी जात होती, ते मी हॉटेलवाल्याला सांगते. त्याच्या पोरीने पण कुठे अर्ज केला असेल."

चक्कीवाल्याने इकडे तिकडे बघितलं. काठावर त्याच्या बाजूने एकही माणूस नव्हता. सख्खा भाचाही फोनमध्ये बघत असल्याचं सोंग करत होता. "बावीस," तो म्हणाला. "आणि वरची पिशवी मी देणार नाही."

"पिशवी तुझ्याजवळच ठेव. तुला रडायला लागेल," बदकवाली म्हणाली, आणि पाण्यातच बदकं निवडायला लागली. चाळीसमधली बावीस. मुलगी तिच्या शेजारी उभी राहून नावं घेत होती, ही नको, हिला नको, ती म्हातारी आहे. आई म्हणाली, "म्हातारी आहे म्हणूनच देतेय, गप बस."

शुक्रवारी मुलगी शहरात गेली. फोन तिच्यासोबत गेला. त्यामुळे आता गावात यादी बघायची असेल, भाव बघायचा असेल, कुणाचा निकाल बघायचा असेल, तर बघायला काहीच नाही. पहिल्या आठवड्यात लोकांनी बदकवालीला बरीच नावं ठेवली. तिने ऐकून घेतलं. आता ती अठरा बदकांवर घर चालवते, आणि दर अठ्ठावीस दिवसांनी पोरीचा पॅक भरायला त्यातली अंडी बाजारात नेते.

चक्कीवाला रोज पहाटे बावीस बदकांना चक्कीतून बाहेर हाकतो आणि ती पिठात पाय बुडवून परत आत येतात. काल मी दळण घेऊन गेलो तेव्हा तो एकीला हातात धरून तिचे पाय पुसत होता. उजव्या हाताच्या बोटाने, हळूहळू, वरून खाली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"हिला पॅक लागत नाही, गुरुजी," तो म्हणाला. "पण बोलते दिवसभर."